एकीचं तोंड समुद्राकडे, एकीचं पुलाकडे

भाऊबीज आटोपली आणि तृतीयेच्या रात्री मी रंगांची पिशवी घेऊन रत्नागिरीच्या बसमध्ये बसले. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊ नये हे मला कळतं. पण शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला सुट्टी तेव्हाच मिळते, त्यामुळे गर्दीला नावं ठेवत मीही गर्दीतच असते. गणपतीपुळ्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग बघितली आणि रिक्षावाल्याला उलट्या दिशेला, पावसवरून पूर्णगडला न्यायला सांगितलं. चतुर्थीचा दिवस झोपण्यात आणि घरमालकीण काकूंचं कुळथाचं पिठलं खाण्यात गेला. खोलीला ताज्या डिस्टेंपरचा वास होता, भाडं त्या वासासकट लावलं होतं. पिठल्याखातर माफ केलं.

पूर्णगड म्हणजे मुचकुंदी नदीच्या मुखावरचा छोटासा किल्ला. दहा मिनिटांत चढून होतो, समुद्राकडच्या दरवाजात वारा खात बसावं, बस. मला किल्ला काढायचाच नव्हता, खाडी काढायची होती. पंचमीला दुपारी तीनच्या सुमारास काठावर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, सावलीत बसले. समोर पलीकडचं गावखडी, डावीकडे पूल, उजवीकडे समुद्र आणि मधोमध नांगरलेल्या दोन होड्या. पाणी काठोकाठ भरलेलं. मनात म्हटलं, बाई, चित्र आयतं मांडून ठेवलंय.

आता जलरंगाची रड ऐका. पुण्यात उन्हाळ्यात वॉश मारला की ब्रश धुवून होईपर्यंत कागद वाळतो. इथे आकाशाचा पहिला हात दिला आणि वीस मिनिटं नुसती बघत बसले. हवाच ओली, तर कागदाने तरी कुठे वाळावं? घाई करून त्यावर डोंगराची कड ओढली आणि निळ्यात हिरवं पसरून आकाशाला शेवाळ धरलं. शेवटी बोर्ड उचलून उन्हाने तापलेल्या चिऱ्यांवर ठेवला. पाच मिनिटांत खडखडीत! खालच्या कोपऱ्याला जांभ्याची लाल धूळ चिकटली ती तशीच राहू दिली. ट्यूबमधल्या बर्न्ट सायनापेक्षा ती खरी होती. (पोरांना मी वर्षानुवर्षं कोकणचा कातळ लाल रंगवायला शिकवलाय. लाल असतो तो नुकता कापलेला चिरा. उघड्यावर पाऊस खाल्लेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, जवळजवळ काळा असतो, आणि या दिवसांत त्यावर पिवळं पडलेलं गवत. कुणा पालकाने हे वाचलं तर क्षमस्व.)

पहिली होडी तीनला काढली, मग पाण्याचे पट्टे, मग पुन्हा बोर्ड चिऱ्यांवर. दुसरी होडी काढेपर्यंत पाच वाजले. उजेड तिरपा झाला होता, पाण्यात सोनं उतरलं होतं, आणि मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते.

शेजारी एक आजोबा दुपारपासून जाळं दुरुस्त करत बसले होते. एकदाही मान वर केली नव्हती. उठताना मात्र माझ्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ. अशा वेळी चित्रकाराला पाठीला डोळे फुटतात. लोक "वा, अगदी फोटो!" म्हणतात तेव्हा आपण राग गिळून हसायचं असतं, मी त्या हसण्याच्या तयारीत होते.

आजोबा म्हणाले, "ह्या दोघींचं भांडण झालंय का हो?"

"कोणाचं?"

"होड्यांचं. एकीचं तोंड समुद्राकडे, एकीचं पुलाकडे. एकाच पाण्यात?"

मी समोर बघितलं. दोन्ही होड्यांची तोंडं पुलाकडे होती. कागदावर मात्र पहिली समुद्राकडे तोंड करून उभी. मी तशीच बघितली होती, शपथेवर सांगते! आजोबांनी बोटाने हवेत गोल काढून समजावलं. नांगर नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, टाकलेला, त्यामुळे पाणी जिकडून येतं तिकडे होडी तोंड करते. तीनला भरती चढत होती, पाणी समुद्राकडून येत होतं. आता सुकती लागली, पाणी परत निघालं, होड्या फिरल्या.

"भरती कधी पुरी होणार हे बघूनच बसायचं ना, ताई. आज तिथी कुठली?"

"पंचमी."

"पाच पाऊणे?"

पाऊणकीचा पाढा म्हटल्याला मला तीस वर्षं झाली असतील. पावणेचार, मी म्हटलं. तेच, ते म्हणाले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. उद्या साडेचार, परवा सव्वापाच. आणि अष्टमीकडे जाताना पाणी रोज थोडं कमी चढणार, भांग म्हणतात त्याला. उधाण पुनवेला आणि अवसेला. एवढं सांगून ते जाळं खांद्यावर टाकून निघूनही गेले. चित्र कसं झालंय हे त्यांनी सांगितलंच नाही.

मला राग आला. थोडा त्यांचा, जास्त माझा. घरी माझ्याकडे कोकणची चाळीसेक निसर्गचित्रं आहेत. रात्री मोबाइलवर एकेक काढून बघितलं. एकात चिखलावर टेकलेली होडी सरळ ताठ उभी, जणू तिला खाली पाटच दिलाय. कण्याची होडी चिखलात कलंडते, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पाणी असताना होडी काढली आणि चहा पिऊन आल्यावर चिखल. एकात सकाळच्या सावल्या आणि संध्याकाळचं पाणी. मी त्या जागी बसले होते हे खरं, पण मी काढलं ते पाणी तिथे कधीच नव्हतं.

षष्ठीला मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघून निघाले, काकूंना वाटलं एखादं व्रत आहे. या वेळी ठरवलं होतं: होड्या आधी, दोन्ही एकदम, पेन्सिलीने, आकाश मागाहून. तीन ते चार, चढत्या पाण्यात. तोंडं जुळली. पण पाणी कालच्या खुणेपर्यंत चढलं नव्हतं, काठाला ओल्या चिखलाचा पट्टा उघडा होता, आणि मला तर कालचंच भरलेलं पाणी हवं होतं. सप्तमीला भरती पूर्ण होईस्तोवर सव्वापाच झाले, उजेड पार मावळतीचा. एकीकडे सूर्याचं घड्याळ, दुसरीकडे चंद्राचं, आणि मधे मी ओला ब्रश घेऊन. पंचमीचा तो उजेड आणि ते पाणी पुन्हा एकत्र येणार वद्य पंचमीला, पंधरा दिवसांनी. तोवर शाळा सुरू.

मधल्या एका सकाळी कशेळीचं कातळशिल्प बघून आले. सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. पोचायला उशीर झाला, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि उथळ रेघा डोक्यावरच्या उन्हात दिसेनाशा होतात. म्हणजे इथेही वेळ चुकली.

अष्टमीला चित्र काढलंच नाही. गडग्यावर बसून नुसती होड्या वळताना बघत राहिले. त्या एकदम फिरत नाहीत. आधी दोर सैल पडतो, मग होडी थोडा वेळ आडवी, कुठेच न बघितल्यासारखी, मग हळूच पाठ फिरवते. आजोबा त्या दिवशी आले नाहीत.

पुण्यात आल्यावर पंचमीचंच चित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, कोपऱ्यातल्या लाल धुळीसकट. गेल्या आठवड्यात जेजे स्कूल ऑफ आर्टला माझ्याबरोबर असलेला मित्र आला होता. चहा हातात धरून बराच वेळ चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दोन होड्यांची तोंडं उलट ठेवलीस हे बरं केलंस. बॅलन्स छान साधलाय."