साखर मोजायची ती कधी आणि कशासाठी

मधुमेह असलेल्या बहुतेक घरांत ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजायचं यंत्र, सकाळी उपाशीपोटी बाहेर येतो आणि मग दिवसभर कपाटात पडून राहतो. रोज १२०-१२५ येतंय म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, एचबीए१सी, एकदम ८.५ टक्के निघते. लॅबचं काहीतरी चुकलं, असं आधी वाटतं. पण ८.५ चा अर्थ सरासरी साखर २०० च्या आसपास (इथले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). ती सरासरी बहुतेकदा जेवणानंतरच्या तासांनी वर नेलेली असते आणि त्या वेळी कोणी बोट टोचलेलंच नसतं.

म्हणून जोडीने मोजा. न्याहारीच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. ताट बाजूला सारल्यापासून दोन तास धरू नका. समजा, आधी ११८ आणि नंतर २१५ आली. पोटात गेलंय काय? बशीभर पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा. दुसऱ्या दिवशी पोहे तेवढेच ठेवून चहातली साखर काढा आणि मोजा. तिसऱ्या दिवशी पोहे निम्मे करून वाटीभर मटकीची उसळ घ्या आणि मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात हेच दुपारच्या जेवणाचं, मग रात्रीच्या. मीटरमध्ये घालून थेंब घ्यायच्या पट्ट्या महाग आहेत हे खरं, पण रोज सकाळी एक पट्टी घालवण्यापेक्षा आठवड्यातून अशा दोन-तीन जोड्या जास्त शिकवतात. हे गोळ्यांवर असलेल्यांसाठी. इन्सुलिनवाल्यांना जास्त वेळा मोजावं लागतं आणि ते वेळापत्रक डॉक्टरांकडूनच घ्यावं. साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत. वयस्कर माणसांसाठी डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात आणि ते योग्यच आहे.

वहीत नुसता आकडा लिहू नका. शेजारी वेळ, काय खाल्लं, कोणती गोळी किंवा किती युनिट घेतली, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं असेल तर तेही: ताप, लग्नाचं जेवण, रात्रीचं जागरण, गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन.

आता प्रत्यक्ष टोचणं. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा सोललेल्या बोटाला रस लागून राहिला तर साखर कितीतरी जास्त दिसते. बोट ओलं असेल तर थेंब पातळ होऊन कमी दिसते. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या. पाणी नसेलच तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. सुई बोटाच्या मधोमध न मारता कडेला मारा, तिथे कमी दुखतं. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे चोळा, पण टोकाशी पिळू नका. पिळल्याने पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा बिघडतो. पट्टीचं टोक थेंबाला टेकवलं की ती रक्त आपणच ओढून घेते. अर्धवट भरली तर वरून थेंब न चढवता नवी पट्टी घ्या.

पट्टीवरचं एन्झाइम दमटपणाने खराब होतं. डबीच्या आत ओलावा शोषणारं द्रव्य असतं, म्हणून पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत आणि झाकण लगेच लावावं. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे फारच सांभाळावं लागतं. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. उघडल्यावर किती महिने चालेल ते लेबलवर छापलेलं असतं. फ्रिजमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत पट्ट्या नकोत.

लॅबशी ताडून पाहायचं असेल तर उपाशीपोटी, शिरेतून रक्त घेतात त्याच वेळी बोटातून मोजा. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मीटरच्या मानकात बसतो. १५० च्या जागी १३५ दिसलं म्हणून मीटर बदलायची गरज नाही. जेवणानंतर ताडू नका, तेव्हा बोटातल्या रक्तात साखर मुळातच जास्त असते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर बऱ्याच मीटरवर आकडा जास्त दिसतो आणि एचबीए१सीही फसवी येऊ शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

वाढलेल्या साखरेची चर्चा सगळे करतात, घसरलेल्या साखरेची तयारी फार थोड्या घरांत असते. दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड, एकाएकी भूक किंवा चिडचिड झाली की मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत द्या, मग काहीतरी खायला. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरची साखर लवकर पचत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. ती आणून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

साखर अशी घसरते ती बऱ्याचदा उपासाच्या दिवशी. सकाळी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत पोटात फक्त चहा. मग साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि संध्याकाळी २८०. एकादशी करायचीच असेल तर गोळी कमी करायची की टाळायची हे आधीच विचारून घ्या.

इन्सुलिनची एक चूक जिवावर बेतते. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात आणि इन्सुलिन टोचायच्या पेनची काडतुसं १०० ची. पेनचं इन्सुलिन ४० च्या, लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर डोस अडीचपट जातो. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर खरेदीला जुळवा. ढगाळ इन्सुलिन तळव्यांत हलकेच घोळवून एकसारखं दुधी करा. रोज एकाच जागी टोचल्याने तिथे गाठ धरते आणि इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. जागा बदलत राहा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याशी नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच.

पावलं रोज रात्री बघा, तळवे आरशात. तेल किंवा क्रीम लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. संवेदना कमी झालेल्यांना दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर फोड आलेलासुद्धा कळत नाही, म्हणून जाड मोजे घाला. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पावलांची तपासणी. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व देखील.

आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नका; तापात साखर उलट वाढते. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी फोन करून विचारा. ग्लिफ्लोझिन चालू असताना उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू झाला, तर मीटरवर २०० च दिसतंय म्हणून घरी थांबू नका. रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढलेले असू शकतात. रुग्णालयात जाऊन ते लगेच तपासायला सांगा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.