वादळापेक्षा उघडीप वाईट

वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी लोक तळं बघायला जातात ते पाणी किती चढलं म्हणून. मला रंग बघायची खोड आहे. चहासारखं गढूळ पाणी दिसलं की मी निश्चिंत असतो. धास्ती वाटते ती पुढच्या आठवड्याची, ऊन पडून वारा थांबतो तेव्हाची. शेवाळ फोफावतं ते तेव्हाच.

उन्हाळ्यात खोल तळ्याचं पाणी एकजीव नसतंच. वरचं तापलेलं, हलकं. खालचं गार, जड. दोघांत बोलणं बंद. तळाशी पालापाचोळा कुजता कुजता तिथला प्राणवायू संपवतो, आणि तो संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं जेवण, सुटतो. वादळ हे सगळं ढवळून वर आणतं. मासे पृष्ठभागाशी तोंडं वासतात ते अशाच सकाळी. वरून ओढेनाले शेतातलं खत आणून ओततात ते वेगळंच.

पण जेवायला वाढलं तरी गढूळ पाण्यात उजेड नाही, त्यामुळे शेवाळाला लगेच जेवता येत नाही. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाला मात्र ही घुसळण मानवते. डायटमांचं कवच सिलिकाचं, जड. पाणी निवांत झालं की बिचारे बुडतात. निळं-हिरवं शेवाळ नेमकं उलटं. पेशींत हवेच्या पोकळ्या असल्याने ते आरामात वर तरंगतं, म्हणून त्याला उघडीप हवी. त्याला आवर घालू शकणाऱ्या डाफ्नियासारख्या, शेवाळ खाणाऱ्या चिमुकल्या जलचरांच्या पोटात तोवर गाळच गेलेला असतो.

अमेरिकेतल्या एरी सरोवरात 2011 साली हेच घडलं. वसंतातल्या जोरदार पावसाने मॉमी नदीतून शेतांतला फॉस्फरस पश्चिमेच्या उथळ भागात आला. पुढे पाणी उबदार आणि निवांत राहिलं, आणि तोवर नोंदला गेला नव्हता एवढा शेवाळाचा थर पसरला. 2015च्या पावसाळी जूननंतर तोही विक्रम मोडला. मधल्या 2014च्या ऑगस्टमध्ये शेवाळाचं विष टोलेडो शहराच्या नळापर्यंत पोचलं आणि चार लाखांहून जास्त लोकांना दोन-तीन दिवस ते पाणी पिता आलं नाही.

उकळूनही नाही. हे विष उकळल्याने मरत नाही, उलट पाणी आटून आणखी दाट होतं. आमच्या घरी हे मी सांगून पाहिलं. कोणाचाही विश्वास बसला नाही आणि पातेलं गॅसवरच राहिलं.