घावनाच्या तव्यातला उलटा केक

आई तुतारी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरली, तेव्हा पिशवीत तीन अननस होते. दोडामार्गाकडचे, घरच्या माडा-पोफळींच्या सावलीत लावलेले. तीन होते म्हणून केकही तीनदा झाला. दोन असते तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती, कारण दोन्ही वेळा फसला होता.

अननसाचा उलटा केक करायचं माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. भांड्याच्या तळाशी लोणी-साखरेचा पाक, त्यावर अननसाच्या चकत्या, वर केकचं मिश्रण, आणि भाजून झाल्यावर पालथा घालायचा. तळ वर येतो आणि वर आयती नक्षी तयार. आईला हे सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "उलटो कित्याक? सरळ करूक काय झाला?"

मूळचा अमेरिकेतला हा प्रकार. तिथे चुलीवरच्या बिडाच्या जाड तव्यात सफरचंद, चेरी वगैरे फळं घालून असे केक आधीपासून करायचे. अननस त्यात आला तो हवाईच्या डबाबंद चकत्यांमुळे. जेम्स डोल यांच्या हवाईयन पाइनॅपल कंपनीने 1925 साली पाककृतींची स्पर्धा घेतली, तिला साठ हजारांच्या आसपास पाककृती आल्या आणि त्यातल्या अडीच हजार याच केकच्या होत्या, असं सांगतात. त्याआधी दहा-बारा वर्षांपूर्वी अननस सोलून, मधला दांडा काढून त्याचा सरळसोट नळकांडा करणारं गिनाका यंत्र तिथे आलं होतं. फोटोतल्या केकवरच्या चकत्या नाण्यासारख्या एकसारख्या दिसतात त्या त्यामुळे. मी सुरीने तिरके चर पाडत डोळे काढले, तर माझ्या चकत्या सायकलच्या दातेरी चक्रासारख्या निघाल्या.

पहिल्या वेळी मी हौसेने आणलेला, बाजूला खटका असलेला सुट्या तळाचा डबा घेतला. केक सहज सुटेल हा हिशोब. गूळ आणि लोणी तळाला पसरलं, वर कच्च्या चकत्या मांडल्या, मिश्रण ओतलं आणि 180 अंशांवर ओटीजीत ठेवला. पंधराव्या मिनिटाला डब्याच्या फटीतून पाक गळून खालच्या सळईवर पडायला लागला. धूर झाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून विचारलं, "काही जळतंय का रे?" मी म्हटलं, "नाही काकू, केक करतोय." त्यावर त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

चाळीस मिनिटांनी टूथपिक खुपसली, स्वच्छ बाहेर आली. पालथा घातला, तर अननस आणि केक यांच्यामध्ये बोटभर जाडीचा ओला थर, खरवसासारखा थलथलीत. वरून भाजलेला, खालून कच्चा. टूथपिक तिथवर पोचलीच नव्हती. ताजा अननस भाजताना किती पाणी सोडतो याचा मी विचारच केला नव्हता.

त्याच दिवशी आणखी एक शहाणपण केलं होतं. चकत्या कापताना ताटलीत साचलेला रस वाया जाऊ नये म्हणून तो मिश्रणाच्या दुधात ओतला. दूध डोळ्यांदेखत फाटलं. ते दही झाल्यासारखंच आहे म्हणून मी तसंच वापरलं आणि केकला मागाहून कडवट चव आली. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. ताजा अननस घातलेलं श्रीखंड जरा वेळाने कडू लागतं तेही यामुळेच. डब्यातला अननस भरताना तापवलेला असतो, त्यामुळे त्याचा हा त्रास होत नाही. म्हणजे पाककृती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डबा होता, आणि मी ताजं ते चांगलं म्हणून खूश होतो.

दुसऱ्या वेळी डबा बदलला, साधा आठ इंची ॲल्युमिनियमचा. अननसही टिपकागदाने दाबून कोरडा केला. पण गळतीच्या धास्तीने गुळाचा पाक गॅसवर जरा जास्तच आटवला. पाक घट्ट असला म्हणजे पळणार नाही, अशी समजूत. केक फुगला छान. बाहेर काढला आणि नेमका ऑफिसचा फोन आला, तो तासभर चालला. परत येऊन बघतो तर तळाशी चिक्की! खरोखरची, दाताने फोडावी लागेल अशी. सुरी फिरवली, डबा आपटला, तळ गॅसवर धरला. शेवटी वरचा केक एका तुकड्यात आला आणि अननस डब्यातच राहिला. म्हणजे उलटा केक करायला गेलो आणि साधाच झाला. मुलांनी तोही संपवला, ती गोष्ट वेगळी.

तिसरा अननस आईने माझ्या हातात द्यायच्या आधी उलटतपासणी घेतली. "शिऱ्यात अननस कच्चो घालतंस काय?"

नाही. शिऱ्यासाठी आपण फोडी साखरेत मंद शिजवतो, रस आटवतो, मग रव्यात घालतो. हे मला वीस वर्षं माहीत आहे आणि केक म्हटल्यावर सगळं विसरायला झालं. "आणि ह्या पातळ डब्यात कित्याक करतंस?" असं म्हणत तिने ओट्याखालून घावनाचा तवा काढला. बिडाचा, दोन कानांचा, मध्ये खोलगट, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा कुळकुळीत झालेला. आमच्याकडे तवसाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, खाली-वर निखारे ठेवून भाजायचे, त्यामुळे ओटीजी म्हणजे वर निखारे असलेली चूल, यापलीकडे तिला त्याचं कौतुक नाही. तवा आत जेमतेम मावला.

चकत्या अर्ध्या इंचाच्या कापल्या. फोटोत बघून सात मांडायला जाऊ नका, या आकारात माझ्या चारच पूर्ण बसल्या, कडेला अर्ध्या लावल्या. त्या आधी चार चमचे साखरेत दोन्ही बाजूंनी शिजवून घेतल्या. आधी रस सुटून चकत्या त्यात पोहायला लागतात, मग तो आटतो, बुडबुडे मोठे आणि संथ होतात आणि चकत्यांची कड काचेसारखी पारदर्शक दिसायला लागते. तिथे गॅस बंद. तव्यात पन्नास ग्रॅम लोणी आणि ऐंशी ग्रॅम किसलेला गूळ फक्त विरघळेपर्यंत ठेवला, पाक होऊ दिला नाही. त्यावर चकत्या. भोकांमध्ये लाल चेरी ठेवताना आई म्हणाली, "ही करवंदां." बरोबर होतं. वाण्याकडे सुटी मिळणारी ती चेरी बहुतेक वेळा रंगवलेली, साखरेत मुरवलेली करवंदंच असतात.

मिश्रण नेहमीचं: शंभर ग्रॅम लोणी, एकशेवीस ग्रॅम साखर, दोन अंडी, दीडशे ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, पाव कप दूध. तवा पाऊणच भरला, उरलेलं वाट्यांमध्ये ओतलं. या वेळी ओटीजीत गोल तापमापक ठेवला होता. बटण 180 वर असताना आत 205 दाखवत होता, म्हणजे पहिले दोन्ही केक वरून घाईने का भाजले गेले तेही कळलं. बटण मागे घेतलं. अडतीस मिनिटं लागली. टूथपिक तीन ठिकाणी, तिरकी, अननसाला लागेपर्यंत घातली.

मग दहा मिनिटं थांबायचं. लगेच पालथा घातला तर पाक वाहतो आणि केक मोडतो, फार थांबलं तर चिक्की. त्यात बीड बराच वेळ गरम राहतं, म्हणून दहाव्या मिनिटालाही कडेचा पाक हळूहळू रटरटत होता. तव्यावर मोठं ताट पालथं ठेवलं, जाड फडक्याने दोन्ही कान आणि ताट एकत्र धरलं. बिडाचा तवा आणि आतला केक यांचं वजन मनगटाला चांगलंच कळतं. आई म्हणाली, "थांबत थांबत नको, एकदाच." एकदाच उलटला. काही झालं नाही. मग आतून 'थप्प' असा ओला आवाज आला.

तवा उचलला. केक ताटात होता, तव्याच्या खोलगट आकाराने घुमटासारखा झालेला, गुळाने तांबूस, चकमकीत. एक चकती तव्यालाच चिकटून राहिली होती. आईने उलथण्याच्या टोकाने ती अलगद सोडवली, केकवर तिच्या रिकाम्या जागी ठेवली आणि बोट चाटलं. चवीबद्दल ती एवढंच म्हणाली, "वेलची घालूक व्हयी होती."

घरात चार माणसं, केक रात्रीपर्यंत टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घावनासाठी तवा गॅसवर ठेवला. अननसाचा आंबटपणा आणि माझं साबण लावून घासणं, दोन्ही मिळून तव्याचं तेल उतरलं होतं. पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं. मग अर्धा कांदा तेलात बुडवून ती बराच वेळ तवा घासत बसली, एक शब्द न बोलता. तिसरंही तुटलंच. चौथं जाळीदार, अखंड सुटलं, ते तिने नातीच्या ताटात घातलं. आधीची तिन्ही माझ्यासमोर आली.