मुरमाड बांधावर तरवड: आमचा अनुभव

मराठवाड्यात बांधाला, कंपाउंडला किंवा परसबागेच्या कडेला कमी पाण्यात फुलणारं झुडूप हवं असेल तर आम्ही तरवडच लावतो. माळावर तो आपोआप उगवतो, म्हणून उपटून आणला की लागेल असं अनेकांना वाटतं. तो लागत नाही. सोटमूळ खोल गेलेलं असतं, उपटताना ते तुटतं आणि रोप चार दिवसांत वाळतं. सुरुवात बियांपासूनच करायची.

शेंगा चपट्या आणि कागदासारख्या पातळ असतात. त्या तपकिरी होऊन खुळखुळायला लागल्या की तोडायच्या. शेंगेला बारीक भोक दिसलं तर ती टाकून द्यायची, आतलं बी किडीने पोखरलेलं असतं. उरलेलं बी पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकतो.

खरी अडचण बियांच्या टणक कवचाची. पाणी आत शिरत नाही, म्हणून तसंच पेरलेलं बी महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. आम्ही उकळलेलं पाणी खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबतो, मग ते बियांवर ओततो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी टपोरं झालेलं बी पेरायचं. न फुगलेलं बी पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवायचं. बी पाण्यात घालून चुलीवर मात्र उकळू नये, कोंब मरतो.

पिशवीत दोन भाग मुरूम-माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. बी अर्धा इंच खोल, एका पिशवीत दोन. मे महिन्यात पेरलं की जुलैत रोप लावायला तयार होतं. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर मूळ पिशवीच्या तळाशी गुंडाळतं आणि अशी रोपं पुढे रखडतात.

कुंपणासाठी अडीच-तीन फुटांवर, एकटं झाड हवं तर सहा फूट मोकळे सोडून, फूटभर खड्ड्यात लावतो. बरड, मुरमाड जमीन त्याला मानवते. भारी काळ्या रानात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. तिथे उंचवटा करूनच लावावा. पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा पाणी पुरे. पुढे ते बंदच करतो, कारण जास्त पाण्याने झाड नुसतं पाल्यावर जातं आणि फुलं कमी येतात. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे वेगळं कुंपण लागत नाही. शेंगवर्गातलं असलं तरी मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, तेव्हा जमीन सुपीक करायला लावायचं हे झाड नव्हे.

फुलं आली की सकाळी जवळ उभं राहून पाहावं. या फुलात मध नसतो. परागकोशाला टोकाशी फक्त छिद्र असतं, म्हणून मोठे काळे भुंगे फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग बाहेर उडतो. ती घूं-घूं चार पावलांवरूनही ऐकू येते. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या बहुतेक एमिग्रंट किंवा ग्रास यलो या फुलपाखरांच्या असतात. थोडा पाला खाल्ल्याने झाडाचं काही बिघडत नाही.

नवरात्रात घटाच्या माळेला तरवडाचीच फुलं लागतात. देगलूरच्या पलीकडे, तेलंगणात, हाच ‘तंगेडू’ बतुकम्मा, म्हणजे सणात रचतात तो फुलांचा थर, सजवायला तोडतात. तो त्या राज्याचं राज्यफूलही आहे. माळेसाठी तोडताना प्रत्येक झाडावर निम्मी फुलं भुंग्यांसाठी आणि बियांसाठी ठेवावीत. बहर नव्या फुटव्यांच्या शेंड्यांना येतो, म्हणून शेंगा काढून झाल्या की उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाची उंची तिसऱ्या हिश्श्याने कमी करतो. बियाण्याच्या शेंगा त्याआधीच उतरवून ठेवाव्यात.