गोळी सहा दिवस सुटली आणि पुन्हा २५ पासून सुरुवात

मला फिटच्या झटक्यांसाठी लॅमोट्रिजिन सुरू आहे, रोज २०० मिलिग्रॅम. पहिल्यांदा तिथवर पोचायला सात आठवडे लागले होते. दोन आठवडे २५, पुढचे दोन आठवडे ५०, मग टप्प्याटप्प्याने वर. तेव्हा सगळं सुरळीत झालं.

यंदा गोळ्या संपल्या आणि मेडिकलमध्ये साठाच नव्हता. ‘उद्या नक्की येईल’ हे ऐकत सहा दिवस गेले. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं होतं, ही माझी चूक. हे औषध असं एकदम बंद पडलं की झटके उसळून येऊ शकतात, न थांबणारा मोठा झटकाही येऊ शकतो. पाचव्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभी होते, उजवा हात दोनदा जोरात उडाला आणि पाण्याचा पेला खाली गेला.

सहाव्या दिवशी दुपारी स्ट्रिप हातात आली. गोळी काढलीसुद्धा, तेवढ्यात आठवलं की सुरुवातीला डॉक्टर म्हणाले होते, ‘खंड पडला तर परत सुरू करण्याआधी मला विचारा.’ दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरून उत्तर आलं, “चिठ्ठीवर २०० लिहिलंय ना मॅडम, मग २०० घ्या.” मी म्हटलं, सहा दिवस बंद होतं. “मग काय झालं? डोस तोच आहे.” डॉक्टरांशी बोलायचंय म्हटल्यावर बारा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट! परत फोन केला, परत तेच. तिसऱ्यांदा तर माझं वाक्य पुरं होण्याआधीच फोन ठेवला. आजही आठवलं की संताप होतो. औषध किती घ्यायचं हे सांगणं त्यांचं काम नव्हतं. निरोप आत पोचवणं होतं, आणि तेवढंच झालं नाही.

शेवटी बहिणीला घेऊन थेट दवाखान्यात गेले. नंबर नाही म्हणून दीड तास बाहेर बसवून ठेवलं. मग मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘लॅमोट्रिजिन रोज २००. सहा दिवस पूर्ण बंद. काल हाताला झटका. आज २०० घेऊ की २५?’ आणि म्हटलं, एवढा कागद आत द्या, मी इथेच उभी आहे. दोन मिनिटांत आत बोलावलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “२०० घेतली नाही ना?” शरीरातलं निम्मं औषध उतरायला साधारण एक दिवस लागतो. असे पाच टप्पे गेले की औषध जवळपास संपलेलं असतं. त्यानंतर एकदम पूर्ण डोस घेतला तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, कधी जिवावर बेतण्याइतका. म्हणून पुन्हा २५. मधल्या काळात झटके येऊ नयेत म्हणून थोड्या दिवसांसाठी क्लोबाझाम दिलं. त्याने दिवसभर झापड येते. एखादी गोळी चुकली तर मात्र हा सगळा खटाटोप नसतो. पण चुकलेली भरून काढायला दोन एकदम घेऊ नयेत.

माझा हिशोब दुसऱ्याने जसाच्या तसा उचलू नये. सोबत व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचं दुसरं औषध असेल तर लॅमोट्रिजिन अंगात जास्त काळ टिकतं आणि सुरुवात याहूनही कमी डोसने करतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी उलट होतं, रक्तातलं प्रमाण खूप खाली येतं. त्या सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगाच.

अरे हो, पुरळ. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर रोज नजर ठेवायची. पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल असतील तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल. आणि घरच्यांना सांगून ठेवा, झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर अँब्युलन्स बोलवायची, तोंडात काहीही घालायचं नाही.

परवा मी १५० वर आले. आता स्ट्रिपमध्ये दहा गोळ्या उरल्या की पुढची आणते, आणि तो वहीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलाय.