फैजपूर ते श्टुटगार्ट: बहिणीच्या घरी काय न्यावं?

धाकटी बहीण जर्मनीत, श्टुटगार्टला असते. तिच्याकडे जायचं तिकीट काढलं आणि त्याच संध्याकाळी घरात चर्चा सुरू झाली: न्यायचं काय? आईच्या मनात नातीसाठी सोन्याच्या बांगड्या. काकूंच्या मनात खव्याचे पेढे आणि घरचं तूप. बाबांना बामणोदची भरताची वांगी पाठवायची होती, कारण जावईबापूंना भरीत आवडतं. मामा म्हणाले, केळी ने, आपल्याकडून दुसरं काय न्यायचं?

माझं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. तिथल्या भारतीय दुकानात हळद, डाळ, बासमती, लोणची, अगदी गोठवलेली भेंडीसुद्धा मिळते. ते इथून वाहून नेण्यात अर्थ नाही. पैसे मोजूनही जे तिथं मिळत नाही, आणि जे कुणी केलंय हे बहिणीला खाताना कळेल, तेवढंच बॅगेत जायला हवं. वजनाची हद्द २३ किलो. त्यात भिडेखातर एक किलोसुद्धा घालायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं.

आधी नियम पाहिले, आणि ते प्रत्येकाने पाहावेतच. भारतातून युरोपीय संघात जाताना सामानात मांस आणि दूध-दुभतं नेता येत नाही. म्हणजे खवा, पनीर, तूप बाद. काकूंना वाईट वाटलं, पण नियम जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून आहे. गोठ्यात लाळ्या-खुरकुत आला की काय होतं हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यामुळे भरताची वांगी राहिली, कढीपत्ताही राहिला. मात्र पाच फळांना या दाखल्यातून सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! २०१९च्या डिसेंबरपासूनचा हा नियम मी मामांना मोठ्याने वाचून दाखवला. रावेर-यावलच्या, म्हणजे केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला याहून आनंदाची बातमी कोणती?

फेब्रुवारीत मिरचीसाठी नंदुरबारला गेले. मिरची जळगावच्या बाजारातही मिळते, पण बहिणीचं लहानपण वडिलांच्या बदलीमुळे काही काळ नंदुरबारात गेलं होतं, आणि मला मिरची तिथूनच हवी होती. जळगावहून सुरतेच्या बाजूची गाडी धरली. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा अशी स्टेशनं जातात. वेचून झालेल्या कपाशीची उभी पऱ्हाटी, मधे हरभरा, गहू. दोंडाईच्यापासूनच हवेत मिरचीचा वास येतो, असं मला दर वेळी वाटतं.

नंदुरबारच्या पथारी ज्याने पाहिल्या नाहीत त्याने हिवाळ्यात एकदा जाऊन पाहाव्यात. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ओली लाल मिरची पसरलेली असते, नजर जाईल तिथवर. तोंडाला फडकं बांधलेल्या बाया ती खालीवर करतात, देठं खुडतात, पांढरी पडलेली मिरची बाजूला काढतात. मी थोडा वेळ थांबले तर डोळ्यांतून पाणी आणि ठसका. त्या दिवसभर तिथंच बसतात. आपण किलोचा भाव करतो तेव्हा हे काम डोळ्यांपुढे असायला हवं, असं मला फार वाटतं. मी सांगितला तो भाव दिला. एक तिखट, एक रंगाची, अशी दोन प्रकारची मिरची घेतली. घरी आईने धणे, खोबरं, दगडफूल आणि बाकीचा मसाला भाजून दिला आणि कांडपावरून काळा मसाला करून आणला. ज्यांना अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या न्यायच्या असतील त्यांनी तो विचार सोडावा. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्यांना मनाई आहे.

मार्चचं ऊन तापलं तशी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची गडबड सुरू झाली. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून आणायची, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. हे एकटीदुकटीचं काम नव्हे. आमच्या गल्लीतल्या बाया पहाटेच जमतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ‘जर्मनीला जायचेत’ म्हटल्यावर त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या जिजींनी बिबडे नेहमीपेक्षा लहान थापायला लावले, पेटीत मावतील असे. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून सगळ्यांनी तिथंच खाल्ला. कुणी थापलं, कुणी वाळत घातलं, कुणी कुणाला काय बोललं, ते सगळं मी फोनवर टिपून घेतलं आणि ते चित्रण बिबड्यांसोबतच न्यायचं ठरवलं. भेटवस्तूचा अर्धा भाग तोच होता.

कळण्याचं पीठही घेतलं: ज्वारी, अख्खे उडीद, थोडी मेथी. शेवया घेतल्या, कुरडया नाही, कारण पोचेपर्यंत त्यांचा चुरा होतो.

सोन्याचा प्रश्न नियमानेच सुटला. विमानाने जर्मनीत येणाऱ्या मोठ्या माणसाला तिथंच राहणाऱ्या वस्तू ४३० युरोपर्यंत करमाफ आहेत. त्यावर गेलं की जाहीर करायचं आणि कर भरायचा. बांगड्या त्यात बसत नव्हत्या. जळगावच्या सराफ्यातून चांदीचे वाळे घेतले आणि पावती पर्समध्ये ठेवली.

केळी निघायच्या आदल्या दिवशी मामांनी कापून आणली, एकच फणी, जरा कच्चट. टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत. फ्रँकफर्टला कस्टमच्या माणसाने मसाल्याची पिशवी पाहिली, वास घेतला, केळ्यांकडे पाहून मान हलवली आणि जाऊ दिलं.

पुढे रेल्वेने श्टुटगार्ट. घरात शिरल्यावर बहिणीने आधी पीठ शोधलं. रात्रीच कळण्याच्या भाकरी झाल्या, सोबत काळ्या मसाल्याची डाळ. ‘ताई, हा आईनेच भाजलाय ना? धणे जास्त आहेत,’ पहिल्या घासाला ती म्हणाली. मुलांनी बिबडे कच्च्या शेंगदाण्यांसोबत खात चित्रण पाहिलं. ‘मावशी, ही आजी कोण? ती कोण?’ करत त्यांनी अख्खी गल्ली ओळखून घेतली. तिथल्या दुकानात लॅटिन अमेरिकेतली केळी असतात, एकसारखी, न डागाळलेली. आमची प्रवासात काळवंडलेली फणी मुलांनी दोन दिवसांत संपवली, कारण ती आजोळच्या मळ्यातली होती.

शेजारच्या आजी बहिणीची मुलं शाळेतून आली की सांभाळतात. त्यांच्यासाठी आईच्या जुन्या सुती लुगड्यांची छोटी गोधडी नेली होती. आपल्याकडे भेट बाजूला ठेवून देतात, तिकडे देणाऱ्यासमोर उघडून पाहायची पद्धत आहे. त्यांनी उघडली, टाक्यांवरून बोट फिरवलं, कोणती साडी कधीची ते विचारलं. बहीण जर्मनमध्ये सांगत होती. त्यातली एक साडी तिच्या बारशाला आईने नेसलेली होती.

परतताना बहिणीने पुढच्या खेपेची यादी दिली आहे. कळण्याचं पीठ दुप्पट, बिबडे जेवढे मावतील तेवढे, शेवया कमी. कपडे अजिबात नकोत. आणि शेजारच्या आजींना त्यांच्या नातवासाठी एक गोधडी हवी आहे, त्याचे पैसे त्या देणार आहेत. जिजींना विचारून ठेवलं आहे.