शाळेत कसा खातो हो आमचा पोरगा?

पालकसभा संपली की कुणीतरी आई दाराशी थांबतेच. "बाई, घरी पालेभाजी दिसली की ताट ढकलतो. शाळेत मात्र खातो म्हणे. करता तरी काय तुम्ही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलं सांगून खात नाहीत, बघून खातात. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक आणि शिपाईमामा स्टाफरूममध्ये न बसता मुलांच्याच पंगतीत डबा उघडतो. माझ्या डब्यात शाळूची भाकरी आणि शेपू असला की शेजारचा विचारतो, "बाई, कसा लागतो हो?" मी म्हणते, घे की घासभर. घरी एकट्याच्या ताटात वाढलेली भाजी आणि इथं दहा जणांत वाटून खाल्लेली भाजी, चवीत फरक पडतोच.

दुसरं म्हणजे, तपासायचं काम आम्ही मुलांवरच सोपवतो. मी विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात शीतपेयाची रिकामी बाटली आणि प्रयोगशाळेतला तराजू ठेवला. लेबल मुलांनीच वाचलं. अशा पेयात 100 मिलिलिटरला साधारण 10-11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर. तराजूच्या एका पारड्यात तेवढं वजन ठेवलं, आणि दुसऱ्यात एक मुलगी कागदावर साखर ओतत होती. एक चमचा झाला, दोन झाले, तरी साखरेचं पारडं हलेना. पाचव्या चमच्यानंतर कुठं ते खाली आलं. ती म्हणाली, "बाई, एवढी साखर चहात घातली तर आई घराबाहेर काढंल!" हे मी तासभर बोलून साधलं नसतं.

शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. मुलांनी टेप घेऊन अंतर मोजलं आणि गेटवरच्या गाडीवाल्या काकांशी स्वतः बोलली. त्यांचा धंदा बुडावा असं कुणालाच वाटत नव्हतं. आता त्यांच्याकडं उकडलेल्या शेंगा आणि पेरू असतात, आणि खपतातही.

मग मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा बंद करायचा का? अजिबात नाही. आपल्या कोल्हापूरला खाण्याची लाज नाही, आणि नसावीही. पण ज्या तालमींमुळं आपण खुराकाचं कौतुक करतो, तिथला पैलवान दूध, तूप, बदाम पचवतो ते पहाटेच्या जोर-बैठकांवर. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीहून कुस्तीत ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, त्यामागंही अशीच मेहनत होती. आपण मुलांना खुराक तेवढा देतो आणि मेहनत क्लासच्या वेळापत्रकात बसत नाही म्हणून सोडून देतो.

पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोरांचं कसंतरी निभतं. पेठेत फुटबॉल आहे, तालीम आहे, रंकाळ्यावर सायकल आहे. मुलींचं काय? बहुतेकींना शाळेचं मैदान सोडून दुसरं मैदानच नाही. म्हणून परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला द्यायचा, ही प्रथा आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून बंद केली. हेडसरांनी पहिल्या दिवसापासून साथ दिली. त्या तासाला मुलींचा खो-खो रंगतो तेव्हा आमच्या मराठीच्या बाईही पदर खोचून पाटीवर बसतात.

घरी करायचं असेल तर रात्रीचं एक जेवण टीव्ही बंद करून सगळ्यांनी एकत्र करा, आणि ती भाजी आधी तुमच्या ताटात वाढून घ्या. भाजी आणायला त्यालाच पिशवी देऊन मंडईत पाठवा, निवडायलाही बसवा. आणि मुलगी दहावीला गेली म्हणून तिचं खेळणं तेवढं थांबवू नका. संध्याकाळी मैदान उघडं असतं, सोबत हवी असेल तर मी असते.